रेडिओ बहिरा झाला

आमच्या परतूर भागात आकाशवाणीची दोन केंद्रं धरायची. एका अंगाला परभणी, 1305 किलोहर्ट्झवर. दुसऱ्या अंगाला तेव्हाचं औरंगाबाद, 1521 वर. आकडे कुणाला पाठ नव्हते, पण काटा कुठं थांबवायचा ते बोटाला ठाऊक होतं.

1972 च्या दुष्काळात गावात रेडिओ हाताच्या बोटावर मोजण्याइतके. त्याचंही लायसन पोस्टात भरावं लागे. बातम्यांच्या वेळी ओसरीवर माणसं जमत. पुढं सेलवरचे ट्रान्झिस्टर आले अन् रेडिओ शेतात गेला. बाभळीच्या फांदीला अडकवायचा अन् निंदायला लागायचं.

आताच्या रेडिओवर एफएम स्वच्छ लागतं, मिडियम वेव्ह लावलं की नुसती खरखर. लोक म्हणतात, केंद्रातच दम राहिला नाही. पण काही वर्षांमागं नव्याच्या शेजारी जुना सेट लावला, तर तो चांगला बोलला. मग दोन्ही खोलून पाहिले. जुन्यात वीतभर काळी कांडी, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. नव्यात तीच कांडी करंगळीएवढी! मिडियम वेव्हची एरियल हीच. बाहेर ओढायची दांडी तिच्या कामाची नाही. कांडी आखूड झाली, तशी लहर कमी सापडते. ती सेटमध्ये आडवी असते, म्हणून सेटचं तोंड केंद्राकडं केलं की आवाज भरतो, कड केली की मरतो. जुनी माणसं रेडिओ फिरवून ठेवत ती उगाच नव्हे.

दुसरं कारण घरातच आहे. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर मिडियम वेव्हमध्ये घुसते. एफएमला तिचा त्रास कमी.

मग एफएमच ऐकावं की, असं पोरं म्हणतात. पण एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्याइतकीच जाते. मिडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, एका केंद्रावर दोन-तीन जिल्हे ऐकतात. गारपिटीत लाईट जाते, मोबाईलचा टॉवर बंद पडतो, तेव्हा दोन सेलवर बातमी आणणारं दुसरं काय आहे?

म्हणून नवा रेडिओ घेताना दुकानदार एफएम लावून दाखवील, त्यावर भुलू नका. सेट भर दिवसा रस्त्यावर आणा, मिडियम वेव्ह लावा, फिरवून पाहा. बोलला तरच पैसे द्या.