सुतळी कबाबाचं सूत

मांस भाजायचं तर ते आगीवर टिकून राहायला हवं. आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ११२९च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात मांसाचे तुकडे सळईत ओवून निखाऱ्यावर भाजायची कृती आहे. अख्खा तुकडा सळईला धरून राहतो. त्याला दोरा लागत नाही.

मांस मऊ करायची हौस वाढली तशी दोऱ्याची गरज पडली, आणि माझ्या मते यात मोठा वाटा पपईचा. मूळची अमेरिकेतली पपई सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन मांसाची वीण सोडवतं. खिम्याला ती चोळून ठेवली की गोळा असा लुसलुशीत होतो, की धग लागताच सळईवरून गळू लागतो. दिल्ली-कोलकात्याच्या सुतळी कबाबात म्हणूनच सळईवर थापलेल्या खिम्याला वरून खालपर्यंत दोऱ्याचे वेढे देतात. भाजून झाल्यावर टोक धरून ओढलं, की दोरा सरसर सुटून येतो आणि कबाब ताटात अलगद उतरतो.

तिथे वापरतात तो मात्र कापसाचा दोरा. आपल्या बाजारातली तागाची सुतळी या कामाची नाही. गिरणीत ताग मऊ पडावा म्हणून त्याला तेल लावतात. शिवाय तिची कुसळं मांसाला चिकटतात. रंगीत प्लास्टिकची सुतळी तर चुलीजवळही नको. पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ अंशांना वितळतं, नायलॉन २२० ते २६०च्या दरम्यान. कापूस वितळत नाही, फार तापला तर करपतो. म्हणून दोरा आधी पाण्यात भिजवून घ्यावा.

वटपौर्णिमेला वडाला गुंडाळतात ते पांढरं, बिनरंगी सूत भरल्या कारल्यांना पुरतं. उस्मानाबादी बोकडाची हाड काढून मसाला भरलेली रान बांधायची असेल, तर तेच सूत तिपदरी करून पीळ द्यावा. दोन-दोन बोटांवर वेढे घ्यावेत आणि आवळताना हात सैल ठेवावा. करकचून बांधलं तर दोरा मांसात रुततो आणि काढताना वरची खरपूस साल सोबत घेऊन येतो.