हेज लेखांकन
भावातील चढउताराची जोखीम कमी करण्यासाठी केलेला वायदा (हेज) आणि मूळ व्यवहार यांचा नफा-तोटा एकाच कालखंडात दाखवण्याची हिशेबपद्धती.
भारतात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या ‘इंड एएस १०९’ मानकात तिचे नियम आहेत. उदाहरणार्थ, शहादा (जि. नंदुरबार) या तापीकाठच्या कापूस-उत्पादक तालुक्यातील जिनिंग व्यावसायिकांना मुंबईच्या एमसीएक्स या वस्तू-वायदेबाजारात कापसाचा वायदा करून अशी जोखीम कमी करता येते (पहा : वायदेबाजार).
हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेजची लेखी नोंद, वाजवी मूल्याची अद्ययावत नोंद, परिणामकारकतेची तपासणी, हेज-गुणोत्तराचे फेरसमायोजन आणि समाप्ती असे टप्पे असतात. रोखप्रवाह हेजचा (भावी रोखप्रवाहातील चढउतारांविरुद्धच्या हेजचा) परिणामकारक भाग राखीव निधीत, उर्वरित भाग नफा-तोटा पत्रकात जातो (पहा : ताळेबंद).
यामुळे नफ्यातील तात्पुरते चढउतार टळतात. पद्धत ऐच्छिक असली, तरी एकदा स्वीकारलेले हेज लेखांकन पात्रतेचे निकष पूर्ण होत असेपर्यंत स्वेच्छेने थांबवता येत नाही.