जुन्या व्हिडिओ गेमला कोणते खेळ शोभले असते?

१९९० च्या दशकात भारतातील अनेक मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायचा एक स्वस्त खोका आला. कुणी त्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणे, कुणी ‘टीव्ही गेम’. वरच्या खाचेत प्लास्टिकची ‘कॅसेट’ बसवायची, दोघांनी दोन रिमोट हाती घ्यायचे आणि खेळ सुरू. ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकल्या गेलेल्या या खोक्यांचा मूळ आराखडा एकच होता. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमचा. म्हणजे आपल्याकडे तो रुळला, तेव्हाच तंत्रज्ञानाच्या दृष्टीने तो उतारवयाला लागला होता. अशा यंत्राला कोणते खेळ खरोखर शोभले असते, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या विज्ञानशिक्षणाच्या इतिहासातील एका हुकलेल्या संधीचा प्रश्न आहे.

या खोक्याच्या केंद्रस्थानी ६५०२ घराण्यातील प्रोसेसर होता. चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीत तयार केलेली ही चिप १९७५ मध्ये अवघ्या २५ डॉलरला बाजारात आली. तिच्या बरोबरीच्या चिपा तेव्हा याच्या कितीतरी पट महाग होत्या. या स्वस्ताईमुळेच घरगुती संगणकाचे युग सुरू झाले. १९७७ चा ॲपल-२ आणि १९८१ चा ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हे दोन्ही संगणक याच चिपेवर चालत.

येथे भारताचा धागा जुळतो. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले. शाळेत ज्याला संगणक म्हणून मान मिळाला, त्याच्याच कुळातील प्रोसेसर काही वर्षांनी घराघरांत खेळणे म्हणून आला. दोन्ही यंत्रांत फरक होता, हे खरे. बीबीसी मायक्रोच्या प्रचलित आवृत्तीत ३२ किलोबाइट मेमरी, कळफलक आणि बेसिक ही संगणकभाषा होती. खेळखोक्याच्या प्रोसेसरला कामासाठी मिळत होती केवळ २ किलोबाइट मेमरी. तरीही गणन करण्याची मूळ शक्ती दोन्हींत जवळपास सारखीच होती.

खेळ निवडायचा तर आधी यंत्राचा स्वभाव ओळखावा लागतो. फॅमिकॉमचा पडदा ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटींचा बनलेला असतो. आडव्या ३२ आणि उभ्या ३०, अशा एकूण ९६० चौकटी. पार्श्वभूमी रंगवण्यासाठी एका वेळी २५६ नमुने वापरता येतात. हलणाऱ्या आकृत्या पडद्यावर ६४ असू शकतात, पण एका आडव्या रेषेवर आठच. नववी आली की ती दिसेनाशी होते, म्हणूनच गर्दीच्या प्रसंगी चित्रे लुकलुकत. शिवाय स्वस्त कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवणारी बॅटरी सहसा नसे. वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून.

या मर्यादांतून उत्तर आपोआप स्पष्ट होते. लांबलचक कथा, गाड्यांची गर्दी, खोलीचा आभास देणारी दृश्ये हे या यंत्राचे क्षेत्र नव्हे. चौकटींवर चालणारे, पाव तासात संपणारे, दोघांनी मिळून खेळायचे आणि साठवलेल्या माहितीपेक्षा नियमांवर उभे असलेले खेळ त्याला शोभले असते.

पहिले उदाहरण आपल्याच मातीतले. मंदिरांच्या आणि लेण्यांच्या दगडी फरशीवर कोरलेला नवकंकरीचा पट अनेकांनी पाहिला असेल. त्यात २४ बिंदू असतात. प्रत्येक बिंदू रिकामा, पहिल्या खेळाडूचा किंवा दुसऱ्याचा, अशा तीनच शक्यता. प्रत्येकी दोन बिट धरले तर संपूर्ण पट ६ बाइटांत मावतो. उरलेली मेमरी पुढच्या चालींचा विचार करण्यास मोकळी राहते. राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले की, दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाल्यास नवकंकरीचा डाव बरोबरीत सुटतो. असा खेळ टीव्हीवर आला असता, तर मुलांना तर्कशास्त्राचा धडा वेगळा शिकवावा लागला नसता. वाघ-बकरी, सारीपाट, सापशिडी यांनाही हेच लागू पडते.

दुसरे उदाहरण गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या ‘लाइफ’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खेळाचे. प्रत्येक चौकट जिवंत किंवा मृत असते आणि शेजारच्या आठ चौकटींकडे पाहून तिचे पुढचे भवितव्य ठरते. पडद्यावरील ९६० चौकटींना १२० बाइट पुरतात. एवढ्याशा साधनांतून साध्या नियमांपासून गुंतागुंत कशी उमलते, हे डोळ्यांपुढे दिसले असते.

तिसरे उदाहरण ‘एलिट’ या अंतराळ-व्यापाराच्या खेळाचे. १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी लिहिलेल्या या खेळात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमंडले होती. ही २,०४८ मंडले कुठेही साठवलेली नव्हती. एका छोट्या संख्येपासून सूत्राने ती दर वेळी नव्याने, पण तशीच, निर्माण होत. पुढे १९९१ मध्ये निन्टेन्डोच्या त्याच आठ-बिटी यंत्रावरही ‘एलिट’ अवतरला. मेमरी कमी असेल तर माहितीऐवजी नियम साठवावा, हा विचार आजही संगणकशास्त्रात मोलाचा आहे.

खरा अडसर होता तो लिपीचा. देवनागरी अक्षर मात्रा-जोडाक्षरांसह सुवाच्य दिसायचे तर १६ × १६ ठिपके तरी हवेत, म्हणजे चार नमुने. २५६ नमुन्यांत अशी ६४ अक्षरे बसतात, आणि मग चित्रांना जागाच उरत नाही. त्यामुळे पानभर मजकुराची प्रश्नमंजूषा या यंत्राला झेपली नसती. एकेक शब्द ओळखण्याचा खेळ मात्र सहज जमला असता. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये चालू होते. ते ज्ञान या खेळखोक्यापर्यंत पोहोचले नाही.

इतरांनी हा विचार केला होता. निन्टेन्डोने १९८३ मध्येच अंकगणिताचा एक खेळ काढला. १९८४ मध्ये कळफलकासह ‘फॅमिली बेसिक’ आले आणि जपानी मुले घरच्या टीव्हीवर स्वतःचे कार्यक्रम लिहू लागली. चीनमध्ये १९९० च्या दशकात सुबोर कंपनीने याच आराखड्याला कळफलक जोडून ‘अभ्यासयंत्र’ म्हणून विकले. भारतातील बाजारात असे स्वस्त संच पाहून अमेरिकेच्या डेरेक लोमस आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास ‘प्लेपॉवर’ प्रकल्प मांडला. या खोक्यांसाठी मुक्त शैक्षणिक खेळ लिहावेत, ही त्यामागची कल्पना. पण तोवर मोबाइल फोन स्वस्त होऊ लागला होता आणि खोक्याचे दिवस सरत आले होते.

आपल्याकडे असे खेळ आधीच का झाले नाहीत? एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ भरून मिळत, आणि त्यांतील बहुतेक परवानगीविना उतरवलेले असत. फुकटात नक्कल मिळत असताना नवा खेळ लिहिण्याचा खर्च कुणी करावा? दुसरे कारण अधिक खोल आहे. पालकांच्या आणि शिक्षकांच्या लेखी संगणक म्हणजे अभ्यास आणि व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय. दोहोंच्या आत एकाच घराण्याचा प्रोसेसर आहे, हे सांगणारे कुणी नव्हते.

आज आपल्या कपाटांत जुने फोन आणि टॅबलेट धूळ खात पडले आहेत. त्या खेळखोक्यापेक्षा त्यांची शक्ती हजारो पटींनी अधिक आहे. त्यांच्यावर नवे ॲप चालत नाही म्हणून आपण त्यांना निकामी ठरवतो. विद्यार्थ्यांनी एकदा प्रश्न उलटा करून पाहावा. या यंत्राला काय जमत नाही, हे विचारण्याऐवजी त्याला काय उत्तम जमते, याचा शोध घ्यावा. आणि सुरुवातीला एक नवकंकरी लिहून पाहावी. पटासाठी सहा बाइट पुरतील.