ब्लॅकजॅकमधल्या मोजणीचे पालट

ब्लॅकजॅकमध्ये वाटून झालेला पत्ता कॅट पुन्हा पिसेपर्यंत डावात येत नाही. त्यामुळे गेलेल्या पत्त्यांवरून उरलेल्या पत्त्यांचा अंदाज बांधता येतो. उरलेल्यांत एक्के आणि दहा किमतीचे पत्ते, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी, राजा, जास्त असले तर खेळणाऱ्याचे पारडे जड होते. लहान पत्ते जास्त असले तर कॅसिनोचे. मोजणीची प्रत्येक पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. तरीही खेळणाऱ्यांनी एक पद्धत सोडून दुसरी धरली, दुसरी सोडून तिसरी, आणि त्यांतले पुष्कळ जण फिरून आधीच्या पद्धतीकडे आले.

या खेळाचे पहिले नेमके गणित १९५६ साली छापले गेले. मेरिलँडमधल्या अ‍ॅबरडीन येथील अमेरिकी लष्करी तळावर काम करणाऱ्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅक्डरमॉट या चौघांनी ते साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर केले होते. कोणत्या हाताला पत्ता घ्यावा आणि कोणत्या हाताला थांबावे, हे त्यातून ठरले. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पुढची पायरी गाठली. एमआयटीतल्या आयबीएम ७०४ संगणकावर त्याने कॅटातून एकेका किमतीचे पत्ते काढून गणित पुन्हा मांडले, तेव्हा पंज्या निघून गेल्याने खेळणाऱ्याचा सर्वांत जास्त फायदा होतो असे दिसले. त्याची पहिली मोजणी म्हणूनच फक्त पंज्यांची होती.

१९६२ च्या ‘बीट द डीलर’ या पुस्तकात थॉर्पने भर दिला तो मात्र दहाच्या मोजणीवर. डोक्यात दोन आकडे धरायचे: ३६ इतर पत्ते आणि १६ दहाचे. पत्ते उघडतील तसे दोन्ही आकडे उतरवत जायचे आणि पैसे लावताना एकाला दुसऱ्याने भागायचे. सुरुवातीला भागाकार २.२५ येतो, तो जितका उतरेल तितके खेळणाऱ्याला बरे. डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना घेता येणाऱ्या इन्शुरन्सच्या पैजेसाठी ही मोजणी अगदी अचूक आहे, कारण ती पैज एकास दोन देते आणि डीलरचा झाकलेला पत्ता दहाचा आहे की नाही एवढ्यावरच सुटते. पण गजबजलेल्या टेबलावर दोन आकडे सांभाळत भागाकार करणे फार थोड्यांना साधले.

१९६३ साली लास व्हेगासमध्ये भरलेल्या संगणक परिषदेत हार्वी डब्नरने यावर तोड मांडली. दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या पत्त्याला अधिक एक, सत्ती ते नव्वीला शून्य, दहाच्या पत्त्याला आणि एक्क्याला उणे एक. दोन आकड्यांचा एक झाला, आणि पूर्ण कॅट संपला की तो आपोआप शून्यावर येतो. हीच ‘हाय-लो’. मोजणीच्या इतिहासातला सर्वांत मोठा पालट हाच, आणि थॉर्पच्या प्रसिद्धीपुढे डब्नरला त्याचे श्रेय पुरेसे मिळालेले नाही. आयबीएमच्या ज्युलियन ब्रॉनने नव्याने केलेल्या आकडेमोडीसह ही पद्धत ‘बीट द डीलर’च्या १९६६ च्या आवृत्तीत आली.

हा पालट वेळेवर झाला. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियम कडक केले होते, पण साधे गिऱ्हाईकच टेबलापासून दूर राहू लागल्याने काही आठवड्यांत ते मागे घ्यावे लागले. मग अनेक कॅट एकत्र पिसण्याची रीत वाढत गेली. चार कॅट असले की दहाची मोजणी १४४ आणि ६४ पासून सुरू करावी लागते. हाय-लोत सुरुवात शून्यापासूनच. फक्त चालू मोजणीला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागून ‘ट्रू काउंट’ काढायचा.

पण हाय-लोत एक जुना पेच होता तो एक्क्याचा. पैज किती लावावी हे ठरवताना एक्का मोठ्या पत्त्यासारखा वागतो, कारण ब्लॅकजॅक त्याच्यावाचून होत नाही आणि त्याला दोनास तीन मिळतात. हात कसा खेळावा हे ठरवताना मात्र तो लहान पत्त्याच्या जवळ जातो. एकच आकडा ही दोन्ही कामे सारखीच चोख करू शकत नाही. म्हणून चार्ल्स आइन्स्टाइनच्या १९६८ च्या पुस्तकातल्या मोजणीत एक्का शून्य धरला होता. त्याच वाटेने पुढे ‘हाय-ऑप्ट’ पद्धती आल्या. एक्के वेगळे मोजायचे, आणि हाय-ऑप्ट टूमध्ये चव्वी-पंजीला अधिक दोन, दहाच्या पत्त्याला उणे दोन. केन उस्टनची पद्धत तर तीनपर्यंत गेली. सत्तरच्या दशकात हाय-लो सोडून इकडे वळणे हे प्रगतीचे लक्षण मानले जाई.

त्या ओढीला माप दिले पीटर ग्रिफिनने. १९७९ च्या ‘द थिअरी ऑफ ब्लॅकजॅक’मध्ये त्याने पैज ठरवण्याची क्षमता आणि हात खेळण्याची क्षमता वेगवेगळी मोजली. हाय-लोची पहिली ०.९७, दुसरी ०.५१; हाय-ऑप्ट टूची अनुक्रमे ०.९१ आणि ०.६७. एका कॅटाच्या खेळात दुसऱ्या आकड्याला फार मोल आहे. सहा कॅटांत, म्हणजे ३१२ पत्त्यांत, तोल इतक्या सावकाश ढळतो की खेळी बदलण्याचे प्रसंग कमी येतात आणि कमाई मुख्यतः पैजेच्या चढउतारातून होते. शिवाय १९८६ साली डॉन श्लेसिंगरने दाखवले की अनेक कॅटांच्या खेळात खेळी बदलण्याचा बहुतांश फायदा अवघ्या अठरा निर्णयांतून मिळतो. अवघड पद्धतीने मिळणारी वाढ तासन्‌तास खेळून थकलेल्या डोक्याची एखादी चूकही खाऊन टाकू शकते. हाय-लोकडे परतणाऱ्यांचे पाऊल म्हणूनच शहाणपणाचे होते.

१९९८ साली व्हँक्युरा आणि फुक्स यांच्या ‘नॉक-आउट’ पद्धतीने सत्तीलाही अधिक एक दिला आणि भागाकारच काढून टाकला. सहा कॅटांना मोजणी उणे २० पासून सुरू होते आणि उणे ४ ला पोहोचली की खेळणाऱ्याची बाजू वर येते. हाय-लोत तेच उणे ४ कॅसिनोच्या बाजूचे. पद्धत बदलणाऱ्याचा घात इथेच होतो: नव्या पत्त्यांच्या किमती पाठ होतात, पण जुन्या आकड्यांचे अर्थ डोक्यातून जात नाहीत, आणि जुन्या पद्धतीचे खेळी बदलण्याचे कोष्टक तर नवीत मुळीच चालत नाही. म्हणून टेबलावर बसण्यापूर्वी एक पूर्ण कॅट भराभर उलटून मोजण्याचा सराव केला जातो. शून्यापासून सुरू केल्यास हाय-लोत शेवट शून्यावर यावा, नॉक-आउटमध्ये अधिक ४ वर.

वापरलेले पत्ते प्रत्येक डावानंतर परत आत घेऊन सतत पिसत राहणाऱ्या यंत्रांपुढे मात्र यांतली कोणतीच पद्धत चालत नाही, कारण तिथे गेलेले पत्ते लगेच पुन्हा डावात येतात.