सोमवारची छाती

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो १८९० साली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली साप्ताहिक सुट्टीची मागणी त्या वर्षी १० जूनला मालकांनी मान्य केली. चळवळीच्या इतिहासात हा दिवस ठळकपणे नोंदला गेला आहे. वैद्यकाच्या अंगाने त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. रविवार मोकळा झाला म्हणून सोमवार वेगळा दिसू लागला, आणि कापसाच्या धुळीने होणारा छातीचा विकार ओळखायची पहिली खूण नेमकी सोमवारीच सापडते.

ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ साली सुरू झाली. त्यानंतरच्या काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी असं गिरणगाव उभं राहिलं. गिरणीतल्या प्रत्येक खात्याचा त्रास निराळा. मागांच्या साचेखात्यात कान जात, कापूस विंचरणाऱ्या कार्डिंगमध्ये छाती. ब्लो रूममध्ये गाठी फोडून मोकळा केलेला कापूस कार्डिंगच्या यंत्रावर येई. त्याच्या मोठ्या सिलिंडरवर तारेचे बारीक दात असत. त्यांत तूस, वाळल्या पानांचा चुरा, सरकीची टरफलं अडकून बसत आणि ठरावीक वेळाने ती खरवडून काढावी लागत. गिरणीतलं सर्वात धुळकट काम हेच. ते करणाऱ्याच्या भुवया, मिशा पांढऱ्या होत.

पण डोळ्यांना दिसणारा तूस बराचसा नाका-घशातच अडतो. खोल उतरते ती न दिसणारी धूळ. तिच्यासोबत कापसावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या कवचातलं एन्डोटॉक्सिन नावाचं द्रव्य जातं. ते श्वासनळीच्या अस्तराला लागलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, अस्तर सुजतं, नळ्या आखडतात. रोज धूळ घेणारं शरीर थोडं सरावतं, एक सुट्टी झाली की तो सराव मोडतो. म्हणून सोमवारी पाळी सुरू होऊन काही तास गेले की छाती आवळल्यासारखी वाटते आणि मंगळवारी जरा बरं वाटतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात याच खुणेवरून या विकाराच्या, म्हणजे बिसिनोसिसच्या, पायऱ्या आखल्या. कधीतरी एखाद्या सोमवारी त्रास, दर सोमवारी त्रास, मग आठवड्याच्या इतर दिवशीही, आणि शेवटी फुफ्फुसाची कायमची हानी. शेवटच्या पायरीवर सोमवार आणि शुक्रवार सारखेच होतात. तिथे पोचलेला माणूस डॉक्टरांसमोर बसला, की त्याचा खोकला आणि जुन्या बिडीबाजाचा खोकला यांत फरक करणं अवघड.

आणि बिडी तर जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात. खात्यात ती पेटवायची सोय नव्हती, कापसाला एक ठिणगी पुरते. त्यामुळे कामगार संडासाकडे किंवा आवारात जाऊन चार झुरके मारून येत. १९२९ ते ३१ या काळात देशभर फिरलेल्या कामगारविषयक शाही आयोगापुढे हा विषय आला तो कामगार यंत्र सोडून रेंगाळतात, अशा तक्रारीतून. दिवसभर त्या हवेत उभ्या राहिलेल्या माणसाला बाहेरच्या वाऱ्याची गरज वाटत असेल, याचा विचार त्या तक्रारीत नव्हता.

मग दवाखान्यातला पहिला प्रश्न ठरलेला असे. बिडी ओढता का? उत्तर होकारार्थी आलं की धुळीची चौकशी तिथेच थांबायची. हा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. अमेरिकेत १९७४ साली निवोहनर आणि सहकाऱ्यांनी अचानक मृत्यू आलेल्या तरुणांची फुफ्फुसं तपासली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांच्या बारीक श्वासनळ्यांत दाह आधीच सुरू झालेला आढळला. म्हणजे धडधाकट दिसणारा बिडीवालाही आतून सुजलेला असू शकतो. त्याच नळ्यांत कार्डिंगची धूळ गेली, तर अस्तर दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवत नाही. नुकसानभरपाईला मात्र तो वेगळा हवा असतो.

हा हिशेब मांडायचा प्रयत्न परळमध्येच झाला. १९२६ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयाच्या आसपास गिरण्याच गिरण्या होत्या. तिथले छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी दोन बाजूंनी शोध घेतला. एक, वस्तीतल्या हवेचा. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर रोखण्यासाठी मुंबईत १९१२ सालीच कायदा झाला होता, तरी लालबागच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसतच राहिली. सत्तरच्या दशकात कामत यांच्या पथकाने लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग अशा ठिकाणच्या ४,१२९ लोकांची तपासणी केली. त्यांच्या श्वसनाच्या तक्रारी हवेतल्या प्रदूषणाशी ताडून पाहिल्या. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले.

दुसरी बाजू गिरणीच्या आतली. बिसिनोसिस आणि धूम्रपानानेही होणारा श्वासमार्ग अरुंद होण्याचा विकार वेगळे कसे ओळखायचे, यासाठी कापड गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला. तो १९८१ साली अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात छापून आला. अशा पाठपुराव्याचं मोल गिरणगावात फार मोठं होतं, कारण दम लागू लागलेला माणूस रत्नागिरीला नाहीतर साताऱ्याला गावी निघून जाई. एखाद्या दिवशी खात्यात जाऊन मोजदाद केली तर भेटत ते टिकून राहिलेले, म्हणजे त्यातल्या त्यात निरोगी.

हा पाठपुरावा छापून आला त्याच्या पुढच्याच जानेवारीत, १९८२ साली १८ तारखेला, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्याच नाहीत. डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवरचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला, तेव्हा गिरणगाव ओसरत चाललं होतं. तंबाखूचा हिशेब मात्र याच काळात भरभक्कम झाला. १९९१ ते ९७ मध्ये मुंबई शहरातल्या सुमारे दीड लाख प्रौढांची नोंद झाली आणि बिडी ही सिगारेटपेक्षा सौम्य नाही, उलट अधिक घातक आहे, हे त्यातून दिसलं. ते काम मोलाचं आहे. पण तंबाखूची सवय माणसासोबत राहते, ती कधीही विचारता येते. कार्डिंग खात्यातली धूळ मोजायला कार्डिंग खातं लागतं. ते पाडून तिथे टॉवर उभा राहिल्यावर सत्तरीतल्या कामगाराकडे पुरावा म्हणून उरतात त्याचं हजेरीकार्ड, जपलं असेल तर, आणि सोमवारी काय व्हायचं याची त्याची आठवण. बिसिनोसिस भरपाईच्या कायद्यात आहे. मुंबईतले किती कामगार त्या भरपाईला पात्र होते, हे आता त्या खात्यांत जाऊन मोजता येणार नाही.