द रॅट्स

ब्रिटिश भयकथालेखक जेम्स हर्बर्ट (८ एप्रिल १९४३ – २० मार्च २०१३) यांची पहिली कादंबरी. न्यू इंग्लिश लायब्ररी या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. कुत्र्याएवढ्या वाढलेल्या, माणसांवर टोळीने तुटून पडणाऱ्या काळ्या उंदरांचा लंडनमधील धुमाकूळ हा तिचा विषय. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ब्रिटनमध्ये हिंस्र प्राण्यांवरील स्वस्त, कागदी बांधणीच्या भयकथांची जी लाट आली, तिची सुरुवात या कादंबरीपासून मानतात.

पार्श्वभूमी : हर्बर्ट यांचे बालपण पूर्व लंडनच्या ईस्ट एंड भागात गेले. आईवडील बाजारात भाजीपाला व फळे विकत. घराच्या आसपास सडक्या मालाचे ढीग पडत आणि त्यांवर उंदीर पोसले जात. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनी हा भाग उद्ध्वस्त केला होता, आणि पडीक घरे व मोकळे भूखंड त्यानंतरही बरीच वर्षे तसेच राहिले. १९६०च्या दशकाअखेर येथील जुन्या गोद्या एकेक करून बंद पडू लागल्या, तेव्हा ओसाडीत आणखी भर पडली. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले हर्बर्ट जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होते. १९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात रेनफील्ड हे वेडसर पात्र हजारो उंदरांच्या दृष्टांताविषयी बोलते. दूरचित्रवाणीवर तो प्रसंग पाहताना कादंबरीची कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. नोकरी सांभाळून, वयाच्या तिशीच्या आत त्यांनी ती लिहून काढली.

कथानक : गोदीजवळच्या कालव्याकाठी एक पडके घर आहे. परदेशातून आलेल्या एका प्राणिशास्त्रज्ञाने अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने विकृत झालेले उंदीर न्यू गिनीकडून आणून तेथे ठेवलेले असतात. स्थानिक काळ्या उंदरांशी त्यांचा संकर होऊन नवी जात निपजते. तिचा पहिला बळी एक बेघर मद्यपी. त्यानंतर तान्हे मूल, बेवारस माणसे, भुयारी रेल्वेतील प्रवासी असे बळी वाढत जातात. जो चाव्यातून वाचतो, तो त्यातून होणाऱ्या रोगाने दिवसभरात मरतो. नायक हॅरिस हा ईस्ट एंडमधील शाळेत चित्रकला शिकवतो. त्याच्या शाळेलाच उंदरांचा वेढा पडल्यावर तो सरकारी मोहिमेत ओढला जातो. विषाणूची लागण केलेली कुत्र्याची पिले सोडून उंदीर मारण्याचा उपाय सुरुवातीला यशस्वी ठरतो आणि अधिकारी विजय जाहीर करतात, पण उरलेले उंदीर विषाणूला दाद देत नाहीत. अखेर लंडन रिकामे करून, श्राव्यातीत ध्वनीने उंदरांना एकत्र खेचून विषारी वायूने मारण्याची योजना आखली जाते. हॅरिस मात्र कालव्याकाठच्या घरात शिरतो. तळघरात त्याला टोळीचा म्होरक्या सापडतो : पांढुरका, सुजलेल्या अंगाचा, दोन डोक्यांचा. कुऱ्हाडीने तो त्याला ठार करतो. एका तळघरात अडकलेली मादी वाचल्याचे उपसंहारात कळते आणि पुढील भागांना वाट मोकळी होते.

रचना व आशय : कादंबरीची खरी ताकद मुख्य कथानकाबाहेरच्या छोट्या प्रकरणांत आहे. दोन-चार पानांत एखाद्या व्यक्तीचा भूतकाळ, एकाकीपणा, फसलेली नाती वाचकासमोर येतात आणि त्या प्रकरणाच्या शेवटी ती व्यक्ती उंदरांच्या तावडीत सापडते. ओळख झाल्यामुळे बळी हा केवळ आकडा राहत नाही. या तंत्राचा उपयोग हर्बर्ट यांनी पुढेही वारंवार केला. उंदरांचा उगम अणुचाचण्यांत दाखवला असला, तरी ते फोफावतात ते नगरव्यवस्थेने वाऱ्यावर सोडलेल्या वस्तीत. ईस्ट एंडकडे एकामागून एक आलेल्या सरकारांनी केलेले दुर्लक्ष हा कादंबरीचा अंतःप्रवाह असल्याचे लेखकाने स्वतः म्हटले आहे. मरणारे गरीब होते तोवर यंत्रणा ढिम्म राहते, आणि साऱ्या शहराला झळ पोहोचल्यावरच हलते. अधिकाऱ्यांविषयी हॅरिसला वाटणारा राग याच अनुभवातून येतो. या सामाजिक धारेमुळे ‘द रॅट्स’ निव्वळ रक्तपाताच्या कथांपासून वेगळी ठरते. तिचा मुख्य दोष म्हणजे पात्ररेखाटन. क्षणभर येणारे बळी ठसठशीत आहेत, तर हॅरिस आणि त्याची प्रेयसी जूडी त्या मानाने सपाट वाटतात.

प्रकाशन व प्रतिसाद : पहिल्या आवृत्तीच्या १ लाख प्रती सुमारे तीन आठवड्यांत संपल्या. हिंसेची उघडीवाघडी वर्णने आणि ओबडधोबड भाषा यांवर समीक्षकांनी कडाडून टीका केली. वाचकांवर, विशेषतः तरुणांवर, या टीकेचा काही परिणाम झाला नाही. ब्रिटिश भयकथा तोवर बव्हंशी सरदारी वाडे आणि सुसंस्कृत भुताखेतांत रमलेली होती. हर्बर्ट यांनी तिला कामगारवस्तीत आणून सोडले. लवकरच इतर प्राण्यांच्याही कादंबऱ्या आल्या : गाय एन. स्मिथ यांची ‘नाइट ऑफ द क्रॅब्ज’ (१९७६) खेकड्यांची, तर शॉन हटसन यांची ‘स्लग्ज’ (१९८२) गोगलगायींची.

उत्तरभाग व रूपांतरे : ‘लेअर’ (१९७९) मध्ये उंदीर लंडनलगतच्या एपिंगच्या रानात पोहोचतात. ‘डोमेन’ (१९८४) मध्ये अणुहल्ल्यानंतरच्या लंडनवर ते राज्य करतात. ‘द सिटी’ ही चित्रकादंबरी इयन मिलर यांच्या चित्रांसह १९९०च्या दशकात निघाली. मूळ कादंबरीवर रॉबर्ट क्लाउझ यांनी ‘डेडली आइज’ (१९८२) हा चित्रपट केला. तो टोरोंटोत चित्रित झाला असून त्यात डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्यांना उंदरांचे पोशाख चढवले होते. ईस्ट एंडचा संदर्भ गळाल्याने कादंबरीतला राग चित्रपटात उतरला नाही. १९८५ मध्ये कादंबरीच्याच नावाचा संगणकीय खेळही बाजारात आला.