कागदाच्या एकाच बाजूला लिहावे

फुकट सल्ला देणाऱ्या माणसाचा एक स्वभाव असतो. सल्ला द्यायला तो अगदी उतावीळ असतो, पण मागणाऱ्याने तो रीतसर मागावा अशी त्याची अट असते. पगारी माणसाला अशी अट घालता येत नाही. बँकेच्या काउंटरवर मी इतकी वर्षं बसतो आहे, आणि "साहेब, ते माझं झालं का हो?" हा प्रश्न रोज ऐकतो. 'ते' म्हणजे काय, 'माझं' म्हणजे कोणाचं आणि 'झालं' म्हणजे नक्की काय व्हायचं होतं, हे तिन्ही शोधून काढण्याबद्दल महिनाअखेर मला पगार मिळतो. पण ज्याला पगार नाही, जो निव्वळ हौसेखातर रात्री जेवणं आटोपल्यावर परक्या माणसाच्या अडचणी सोडवायला बसला आहे, त्याने हे काय म्हणून शोधून काढावं? या मुद्द्यावर हौशी मंडळींमध्ये शंभराहून अधिक वर्षं कुरबूर चालू आहे. लोकांना वाटतं, हा सगळा संगणक आणि इंटरनेट आल्यानंतरचा मामला. छे! संगणकाचं नावही नव्हतं तेव्हा याचे नियम छापून तयार होते.

लंडनमध्ये १८६५ साली 'इंग्लिश मेकॅनिक' नावाचं साप्ताहिक निघालं. किंमत सुरुवातीला एक पेनी. वाचक कोण, तर घरातल्या अडगळीच्या खोलीत लेथ बसवणारे, स्वतःची दुर्बीण स्वतः घासणारे, विजेचं वेटोळं गुंडाळून शेजाऱ्यांना झटके देणारे लोक. (बायका काय म्हणत असतील याची नोंद साप्ताहिकात नाही.) या अंकाचा खरा जीव होता तो मागच्या पानांवरच्या 'शंका' आणि 'उत्तरे' या सदरांत. वाचकाने शंका पाठवायची, संपादकाने तिला क्रमांक देऊन छापायची, आणि पुढच्या अंकांत दुसऱ्या कुठल्या तरी वाचकाने तो क्रमांक घालून उत्तर द्यायचं. शंका विचारणारा मँचेस्टरचा गिरणीवाला, उत्तर देणारा कुठल्या तरी खेड्यातला पाद्री. दोघांची ओळख नाही, पाळख नाही. पैशाची देवघेव नाही. नुसता एक क्रमांक मध्ये. आमच्याकडे टोकन देतात ना, तसा.

आता अशा फुकटच्या अन्नछत्रात पंगतीचे नियम लागतातच. संपादकांनी ते 'पत्रलेखकांना सूचना' म्हणून छापायला सुरुवात केली. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे. शंकेला मथळा द्यावा. उत्तर पाठवताना शंकेचा क्रमांक आणि मथळा दोन्ही लिहावेत. अमुक हत्यार कुठे विकत मिळेल, तमुक कारखानदाराचा पत्ता काय, असल्या शंका छापल्या जाणार नाहीत. त्यासाठी पैसे भरून जाहिरात द्यावी. आणि शास्त्रीय माहितीच्या प्रश्नाला टपालाने खाजगी उत्तर मिळणार नाही.

पहिल्या वाचनाला हे सगळं सरकारी वाटतं. मलाही चलनाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांची आठवण झाली. पण एकेक सूचना हातात घेऊन पाहा. एकाच बाजूला का? तर छापखान्यातला खिळे जुळवणारा कागद कापून दोघातिघांत वाटून घेतो. मागच्या बाजूला मजकूर असला तर अर्धी शंका एकाकडे आणि अर्धी दुसऱ्याकडे. मथळा का? तर दुर्बिणीवाल्याने हार्मोनियमच्या शंका वाचत बसू नये म्हणून. दुकानाचा पत्ता का नको? तर त्याचा उपयोग एकट्याला होतो आणि जागा सगळ्यांची जाते. आणि खाजगी उत्तर का नाही, यातच सगळी मेख आहे. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हजारांना मिळतं. कानात विचारलेल्याचं एकालाच. दमवणूक मात्र उत्तर देणाऱ्याची दोन्हीकडे सारखीच.

दुर्बिणीचंच उदाहरण घ्या. दुर्बिणीचा आरसा घरी करायचा तर काचेच्या दोन जाड तबकड्या एकमेकींवर ठेवून, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालून तासन् तास घासायच्या. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. मग अधिकाधिक बारीक पूड, मग पॉलिश, मग काचेवर चांदीचा मुलामा. इतकं करून चंद्र पाहायला जावं आणि त्याला फेस आल्यासारखा दिसावा! आता अशा माणसाने "माझी दुर्बीण बिघडली आहे, उपाय सांगावा" एवढंच लिहिलं तर कोण काय सांगणार? पण काच किती इंची, नाभी किती अंतरावर, शेवटची पूड कुठली वापरली, चंद्र सगळीकडे सारखाच फुगतो की एकाच कडेला, हे लिहिलं की शंभर मैलांवरचा माणूस घरबसल्या नाडी पाहू शकतो. आमच्या आजीच्या वैद्यांचंही हेच म्हणणं असे. "पोटात दुखतंय" ही तक्रार नव्हे, ती प्रस्तावना.

या पानांवर माणसं तरी कशी भेटावीत! ऑलिव्हर हेव्हिसाइड नावाचा एक तरुण सोळाव्या वर्षी शाळा सोडून तार कंपनीत चिकटला होता. विद्युतशास्त्रावरचं त्याचं लिखाण १८७२ साली इथे छापून आलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा. पुढे मॅक्सवेलची समीकरणं आज ज्या आटोपशीर रूपात शिकवतात, ते रूप देणाऱ्यांत याच तारमास्तराचं नाव घेतात. पदवी नसलेल्या नोकरदाराबद्दल मला उगाचच आपलेपणा वाटतो. दुसरे कॅप्टन विल्यम नोबल. हे 'रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा एक फेलो' एवढीच सही करून वर्षानुवर्षं लिहीत राहिले. आणि १८९० च्या जुलैत डब्लिनच्या मंक नावाच्या गृहस्थाने याच पानांवर एक सूचना मांडली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची वर्गणी ज्यांना परवडत नाही, तिथले निबंध ज्यांच्या डोक्यावरून जातात, आणि बाई म्हणून ज्यांना तिथे प्रवेशच नाही, अशांसाठी वेगळी संस्था का काढू नये? ऑक्टोबरात ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन उभी राहिली. बायकांना पहिल्या दिवसापासून प्रवेश. पहिले अध्यक्ष कोण? तेच कॅप्टन नोबल. तीन महिन्यांत संस्था! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला याहून जास्त वेळ लागला.

पुढे रेडिओवाले आले. यांची तऱ्हा वेगळी. बोटाने कट्-कडकट् करत बोलायचं, त्यामुळे शब्द महाग. म्हणून यांनी तीन-तीन अक्षरांचे संकेत घेतले. त्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं की तोच संकेत प्रश्न होतो. त्यातला 'क्यूआरएस' मला फार आवडतो. अर्थ, "जरा हळू पाठवा." शिकाऊ माणसाने ही तीन अक्षरं पाठवली की पलीकडच्या पट्टीच्या खेळाडूने आपला वेग उतरवायचा, ही रीत. पॉल सेगल यांनी १९२८ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची जी आचारसंहिता लिहिली, तिच्यातही सांगितलं की कोणी विनंती केली तर सावकाश आणि शांतपणे पाठवावं, नवख्याला मित्रासारखा सल्ला द्यावा. नियम उत्तर देणाऱ्यालाही लावलेला आहे, हे लक्षात घ्या. त्यांच्यात नवशिक्याला हाताला धरून शिकवणाऱ्याला 'एल्मर' म्हणतात. १९७१ साली त्यांच्या एका मासिकाने एल्मर नावाच्या अशाच एका सद्गृहस्थाचं कौतुक छापलं आणि विशेषनामाचं सामान्यनाम झालं.

संगणकवाल्यांची सुरुवातही वाईट नव्हती. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब भरला. पुढे मोठ्या सभागृहात बैठका होऊ लागल्यावर ली फेल्सनस्टाइन सूत्रं सांभाळीत. आधी एकेकाने उठून आपल्याकडे काय आहे आणि काय हवं आहे ते सांगायचं, मग सगळ्यांनी उठून ज्याने त्याने आपापला माणूस गाठायचा. वधूवर मेळाव्याची हीच पद्धत.

बिघडलं ते गर्दी झाल्यावर. १९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेटवर विषयवार गप्पांचे फड असत. तिथे काही लिहून पाठवायला गेलं की लॅरी वॉल यांचा प्रोग्रॅम आधी दरडावत असे: तुमचा मजकूर हजारो यंत्रांवर जाईल, त्यापायी शेकडो डॉलर खर्च होतील, नक्की पाठवायचा आहे का? (आमच्याकडे कर्ज मागणाऱ्यालाही इतकं घाबरवत नाहीत.) अमेरिकेत दर सप्टेंबरात कॉलेजची नवी पोरं यायची, तेच ते प्रश्न विचारायची, जुनी मंडळी वैतागून का होईना, त्यांना महिनाभरात वळण लावायची. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून ठेवण्याचा परिपाठ याच वैतागातून पसरला. पण १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या घरोघरच्या ग्राहकांना या फडाचं दार उघडून दिलं, आणि जुने लोक म्हणू लागले की १९९३ चा सप्टेंबर अजून संपलेलाच नाही.

इथे मला जुन्यांची बाजू घ्यावीशी वाटते आणि घेववत नाही. तेच उत्तर चारशेव्यांदा देणं म्हणजे काय, हे केवायसीचे कागद मागणाऱ्या माणसाला विचारा. पण "आधी ते पुस्तक वाच" हे वाक्य मध्ये एक शिवी घालून, चार अक्षरांत आखडून, नवख्याच्या तोंडावर फेकायची जी टूम निघाली, तिने किती पोरं पहिल्याच दिवशी परत गेली असतील? नीट विचारायचं तर काच किती इंची हे सांगायला हवं, आणि इंच मोजायचे ते काठावरून की मध्यातून हेच तर बिचाऱ्याला ठाऊक नसतं! ज्याला रीतसर विचारता येतं त्याचं अर्धं काम झालेलंच असतं. 'क्यूआरएस' पाठवण्याची सोय या नव्या फडावर कोणी ठेवलीच नाही.

एरिक रेमंड आणि रिक मोएन या दोघांनी २००१ साली शहाण्यासारखा प्रश्न कसा विचारावा यावर एक लांबलचक निबंध लिहिला. मथळा नेमका द्या, काय करून पाहिलंत ते सांगा, अंदाज सांगू नका, लक्षणं सांगा. सगळं 'इंग्लिश मेकॅनिक'चं. ठिकठिकाणच्या मंडळींनी तो निबंध आपापल्या दारावर टांगला. परिणाम असा झाला की लोक तो वाचायचे आणि आपली अडचण थेट या दोन लेखकांनाच कळवायचे. शेवटी निबंधाच्या माथ्यावरच छापावं लागलं की आम्ही कुठल्याही यंत्राचं मदतकेंद्र नाही!

रीतसर विचारलेल्या प्रश्नाचं एक उदाहरण मात्र सांगायलाच हवं. ३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने यूजनेटवर विचारलं, की मी एका कामात आहे, त्यासाठी अमुक प्रमाणाचे नियम यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात कुठे मिळतील? कशासाठी हवं ते सांगितलं, काय हवं ते सांगितलं, दोन ओळींत संपवलं. खिळे जुळवणाऱ्याने आशीर्वाद दिला असता. २५ ऑगस्टला पुन्हा आला आणि म्हणाला, मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, तुम्हाला तिच्यात काय काय हवं? लिनस टोरवाल्ड्स त्याचं नाव. आरी लेमके नावाच्या हितचिंतकाने त्याला आपल्या यंत्रावर जागा दिली. पोराच्या मनात आपल्या अपत्याचं नाव 'फ्रीक्स' ठेवायचं होतं. लेमकेला ते नाव पसंत पडेना. त्याने जागेच्या दारावर परस्पर 'लिनक्स' अशी पाटी लावून टाकली. आपल्याकडे हा मान आत्याचा असतो.